भवानी झाली का?

"समुद्राले कायची घाई आहे ताई? तो दुपारीही तिथंच राहते. बाजार उठून जाते."

गजभिये साहेबांचं हे वाक्य पाठ नाही असा माणूस आमच्या कचेरीत सापडणार नाही. दर हिवाळ्यात कचेरीची सहल निघायची आणि का कोण जाणे, फिरून फिरून मालवणलाच जायची. बाकीचे सकाळी उठून किल्ल्याच्या होडीची रांग धरायला धावायचे. साहेब मात्र आंघोळ करून, शर्ट नीट खोचून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून बाजाराकडे निघायचे. इतक्या सहली झाल्या, पण त्यांनी किल्ला काही पाहिला नाही. "पाहू की," म्हणायचे, "एवढी वर्षं उभा आहे, आणखी एक वर्ष उभा राहील."

साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीपायी पुण्यात आले आणि कोथरूडला आमच्या मागच्याच सोसायटीत राहिले. पुण्यात उभी हयात काढूनही त्यांची बोली काही पुणेरी झाली नाही. फायलीवर लिहिताना अगदी नेमकं, शुद्ध मराठी, आणि तोंड उघडलं की "कायले" आणि "जी". कुणी चिडवलं तर म्हणायचे, "लिहायची सरकारची, बोलायची माह्या मायची."

मी कोथरूडची, जन्माने आणि स्वभावानेही. आमच्याकडे दुकानदाराशी बोलणं म्हणजे "आहे का? नाही? बरं." दुकानदारही तेवढंच बोलतो आणि दोघंही त्यात सुखी असतात. साहेबांबरोबर पहिल्यांदा बाजारात गेले ती चुकूनच, मला होडीत मळमळतं म्हणून. तेव्हा कळलं की माणूस नुसत्या मिरच्या घेता घेता समोरच्या बाईच्या लेकीचं बाळंतपण कुठे झालं इथपर्यंत पोचू शकतो.

बाजार करण्याची त्यांची एक रीत होती. पहिली चक्कर हात पाठीमागे बांधून मारायची. कशाला शिवायचं नाही, भाव विचारायचा नाही, नुसतं बघत जायचं. रस्त्याकडेला फडकं अंथरून बसलेल्या भाजीवाल्या, त्यांच्यापुढे तांबडी भाजी, कोकमं आणि घरच्या वालाच्या शेंगा. मग पेठेतली काजूची आणि खाज्याची दुकानं. आणि सगळ्यात शेवटी मासळी मंडईची ती ओली, थंडगार इमारत. ही चक्कर झाली की टपरीवर चहा. चहा झाला की दुसरी चक्कर, आणि दुसऱ्या चकरेत तोंड सुरू. सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असायचा.

"भवानी झाली का जी?"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती नीट झाली तर दिवस नीट जातो, असं बाजारात बसणारा प्रत्येक जण मानतो. पहिली नोट आली की ती कपाळाला लावतात. भवानी झालेली असली तर साहेब मनसोक्त घासाघीस करायचे, अगदी रुसून दोन पावलं पुढे जाऊन परत यायचे. पण झाली नाही असं उत्तर आलं की त्यांचा नियम कडक होता. एक तर टोपलीला बोटही न लावता नमस्कार करून पुढे जायचं, नाहीतर हात लावायचा आणि घेऊनच निघायचं. पहिल्या गिऱ्हाइकाने वस्तू उचलायची आणि मग नाही म्हणायचं, हे त्यांच्या लेखी पाप होतं. "हात लावला की लगन ठरलं," असं ते म्हणायचे.

गंमत म्हणजे हा माणूस शकुन-अपशकुन काडीभर मानत नसे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात धम्म स्वीकारला होता आणि घरातून असल्या गोष्टी तेव्हाच हद्दपार झाल्या होत्या. कचेरीच्या दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर साहेब ती सोडून मिरची जेवणाच्या डब्याबरोबर खात. अमावास्येला मुद्दाम नव्या कामाची फाईल उघडत. म्हणून मी एकदा त्यांना धरलं. म्हटलं, "साहेब, लिंबू-मिरची खोटी आणि भवानी मात्र खरी, हा कुठला न्याय?"

ते शांतपणे म्हणाले, "असं नसते ताई. मी नाही मानत. ती मानते ना? मी नाही म्हणून निघून आलो, तर दिवसभर तिले वाटत राहील की आज काही खरं नाही. मानणं तिचं, दिवसही तिचा. तो मी कायले खराब करू?"



एका सहलीत आमच्या सबनीसांनी या नियमाची चांगलीच परीक्षा पाहिली. सबनीस कट्टर शाकाहारी, पण चौकसपणा दांडगा. बाजार भरता भरताच ते एका सुक्या मासळीवालीपुढे उभे राहिले, एक बोंबील दोन बोटांत उचलला आणि "हा टिकतो किती दिवस? एवढ्याचं काय घ्याल?" अशी उलटतपासणी घेऊन, "नको, सहज विचारलं," म्हणत चालू लागले. बाई मागून काय बोलली ते सबनीसांना कळलं नाही, ते बरंच झालं. साहेब आडूनच बघत होते. ते पुढे झाले, तिची समजूत घातली आणि टोपलीतले बोंबील निम्म्याहून जास्त उचलून आणले. परतीच्या प्रवासात बसमध्ये त्या बोंबलांचा असा दरवळ सुटला की सबनीस घाटभर नाक खिडकीबाहेर काढून बसले होते. साहेब मागून म्हणाले, "सबनीस, तुमचंच लगन आहे जी. मी फक्त वऱ्हाडी."

मासळी मंडईत त्यांचं ठरलेलं ठिकाण म्हणजे तानूबाई. आत शिरलं की उजव्या हाताच्या कट्ट्यावर पाय दुमडून बसलेली, नाकात भली मोठी नथ घातलेली म्हातारी. पहिल्या भेटीत तिने विचारलं, "खयसून इलात?" साहेबांनी पुणे नाही सांगितलं, भंडारा सांगितलं. "ह्या भंडारा खय इला?" त्यावर साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि भंडाऱ्याचे तलाव, तलावातले झिंगे, पहाटे जाळं टाकणारे ढिवर, असं सगळं तिला सांगत बसले. तिचं मालवणी साहेबांना अर्धं कळायचं, साहेबांचं बोलणं तिला त्याहून कमी, पण दोघं एकमेकांकडे बघून मनापासून हसत होते. तेव्हापासून दर वर्षी साहेब तिच्यासाठी गावाकडचा चिन्नोर तांदूळ नेत आणि मुद्दाम तिची भवानी करायला सकाळी लवकर पोचत. ती शेजारणींना सांगायची, "ह्यो माझो भवानीचो सायब." साहेबांना बढती मिळाली होती तेव्हाही मी त्यांना एवढं खूष झालेलं पाहिलं नव्हतं.

पुण्यातही तेच. रविवारी सकाळी मार्केट यार्डात, एरवी कोथरूडच्या भाजीवाल्यांत. घरी काय शिजणार हे गजभिये वहिनी ठरवत नसत, ज्याची भवानी राहिली असेल तो ठरवत असे. एकदा दारात भोपळ्याचा डोंगर बघून वहिनी मला म्हणाल्या, "अहो, या माणसाला नाही म्हणता येत नाही हो. पहिली पंचवीस वर्षं मला वाटलं गुण आहे."

सेवानिवृत्त झाल्यावर ते वाघोलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मोठं संकुल, उंच इमारती, दूध-भाजी सगळं फोनवरून दारात. साहेब फोनवर मला म्हणाले, "ताई, इथं भाजी येते पण भाजीवाली येत नाही." आम्ही दोघं हसलो. त्यांचं नीट सलग बोलणं मी ऐकलं ते तेव्हाच, शेवटचं.

पुढच्याच उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना, चालायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, समजही शाबूत होती, तुम्ही काय म्हणता ते शब्दन् शब्द कळायचं. फक्त बोलायला गेलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा.

"नाही. नाही नाही."

चहा हवा का? "नाही नाही," आणि डावा हात कपासाठी पुढे. नात आली, तर चेहरा फुललेला आणि तोंडात "नाही नाही". डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि सगळ्याला तोच बाहेर पडतो. कुठला राहील ते कुणाच्या हातात नसतं. एक बाई घरी येऊन त्यांना बोलायला शिकवत. चित्रांची कार्डं पुढे धरत. मासा. "नाही." टोपली. "नाही." साहेबांना ते कळायचं. आपल्या तोंडून काय निघतंय ते ऐकून ते स्वतःच चमकायचे, मान हलवायचे, पुन्हा प्रयत्न करायचे, आणि पुन्हा तेच. मी समोर बसून बघत असायची. शब्द काही रुमालासारखा पुढे करता येत नाही. वहिनी हसून म्हणाल्या, "जन्मभर कुणाला नाही म्हणाले नाहीत, ते सगळं आत साठलं होतं बघा." हसता हसता त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

हिवाळा लागला तशी साहेबांची चुळबुळ सुरू झाली. कपाटातून कापडी पिशवी काढून दाराजवळ ठेवायचे. वहिनींनी ती आत ठेवली की पुन्हा बाहेर. सहलीचा जुना फोटो होता, त्यावर बोट ठेवून वहिनींकडे बघत राहायचे. मुलाला रजा मिळेना. शेवटी वहिनींनी मला फोन केला. "येता का हो बरोबर? एकदा बाजारात उभे राहिले की कदाचित... त्या शिकवणाऱ्या बाईही म्हणाल्या, ओळखीच्या जागी कधी कधी शब्द परत येतो." मीही त्याच आशेने गेले. चिन्नोर तांदळाची पिशवी वहिनींनी न विसरता घेतली होती.

मालवणला पोचल्यावर साहेबांचा चेहराच बदलला. सकाळी आमच्या आधी तयार. शर्टाची बटणं वहिनींनी लावली, पिशवी त्यांनी स्वतःच डाव्या खांद्यावर घेतली. पाय ओढत, पण पहिली चक्कर त्यांनी रीतसर मारली. डावा हात पाठीमागे नेला आणि तिथे उजवा नव्हता, तेव्हा क्षणभर थबकले. मग तसेच पुढे गेले. टपरीवर चहा झाला. मासळी मंडईच्या दारात वहिनी आधाराला पुढे झाल्या, तर त्यांनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला. वहिनी मला म्हणाल्या, "जाऊ द्या एकटे. त्यांची जागा आहे ती." आम्ही दारातच थांबलो.

कट्ट्यावर तानूबाई नव्हती. तिशी-पस्तिशीची एक बाई नुकतीच मासे मांडत होती. साहेब तिच्यासमोर गेले, इकडेतिकडे पाहिलं, वाट बघितल्यासारखं केलं. बाईने आपल्या परीने स्वागत केलं, "येवा काकानू, घेवा. भवानी करा."

साहेब खुलले. वाकून डाव्या हाताने एक चांगला सरंगा उचलला. त्याचा डोळा पाहिला. बाईने भाव सांगितला. साहेबांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं.

"नाही. नाही नाही."

बाईने भाव कमी केला.

"नाही नाही!"

साहेबांनी पैसे काढायला हात खिशाकडे न्यायचा प्रयत्न केला. पण डाव्या हातात मासा होता, आणि खिशाकडे जायचा तो उजवा. तो हललाही नाही. ते एकदा माशाकडे, एकदा खिशाकडे बघत होते, आणि घाबरून आणखी मोठ्याने म्हणत होते, "नाही नाही नाही!" आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या.

"असा काय करतास?" ती बाई वैतागली. "उचलून नाय म्हणतास? सकाळच्या पारी? अजून भवानीय नाय झाली माझी!" तिने त्यांच्या हातातून सरंगा काढून घेतला, टोपलीवर पाणी शिंपडलं आणि तोंड फिरवलं. तिची काय चूक? तिच्या जागी तानूबाई असती तरी अनोळखी माणसाला हेच म्हणाली असती.

आम्ही धावलो. मी घाईघाईने सांगत सुटले, की त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, त्यांना बोलता येत नाही, हवाच आहे त्यांना मासा, सगळे द्या. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. वहिनींनी तांदळाची पिशवी पुढे केली आणि तानूबाईंचं नाव घेतलं. तेव्हा त्या बाईचा चेहरा पडला. "माजी सासू ती. गेली गे, गेल्या पावसात." मग साहेबांकडे बघून म्हणाली, "भंडाऱ्याचो सायब? भवानीचो? अरे देवा! माका काय ठावक?" तिने तोच सरंगा उचलून त्यांच्यासमोर धरला. "घेवा काकानू. भवानी तुमचीच. नको ते मनात धरू नका."

साहेबांनी हात पुढे केला नाही. त्यांचा डावा हात तसाच लोंबत होता, त्यावरून माशाचं पाणी ठिबकत होतं. ते रडत नव्हते. त्या बाईकडे असे बघत होते, जणू त्यांनीच तिला ढकलून पाडलं होतं. मासे आम्ही घेतले, पैसे वहिनींनी दिले, बाईने नोट कपाळाला लावली. तिने सगळं केलं, जेवढं माणसाला करता येतं तेवढं केलं. पण भवानी वहिनींच्या हातून झाली होती, आणि हे तिथे सगळ्यांत जास्त साहेबांना कळत होतं.

परतीच्या वाटेवर मी दोन-तीनदा काहीबाही बोलून पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. दुपारच्या उन्हात समुद्र चकाकत होता.

त्या दिवसापासून त्यांनी तो एक शब्दही बंद केला. शिकवणाऱ्या बाईंनी कार्डं धरली, ओठ गच्च मिटलेले. त्या म्हणाल्या, आवाज बंद करू नका, चुकीचा तर चुकीचा, पण बोला. न बोलता राहिलं तर आहे तेही जाईल. मुलाने समजावलं. नातीने गळ्यात हात टाकून हट्ट केला. मी वाघोलीला गेले तेव्हा वहिनी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून त्यांना विनवत होत्या, "अहो, निदान नाही तरी म्हणा हो." इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे असं काही मागावं लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि थोपटलं. ओठ उघडले नाहीत. मला त्या खोलीत बसवेना आणि उठवेनाही.

मधे काही महिने गेले. अलीकडे एका रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. वहिनींनी दार उघडलं. साहेब कुठे विचारलं तर म्हणाल्या, "खाली. आता गेटपाशी भाजीचा टेंपो यायला लागलाय. तेवढ्याला उतरतात." आम्ही गॅलरीत उभ्या राहिलो. टेंपो नुकताच येऊन थांबला होता. माणूस मागचं फळकूट पाडून मेथीच्या जुड्या मांडत होता. साहेब थोडे लांब, गाड्या लावायच्या जागेजवळ उभे होते. खांद्याला पिशवी होती. नजर भाजीवर खिळलेली.

"जात का नाहीत पुढे?" मी विचारलं.

"आधी दुसऱ्या कुणीतरी घेतलं की मग जातात," वहिनी म्हणाल्या. "पहिले म्हणून कधीच जात नाहीत. रोज मी आधी उतरते, कोथिंबीर घेते, मग ते येतात. आज तुम्ही यायच्या होतात म्हणून मी वरच थांबले."

खाली टेंपोवाल्याचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्याने हात हलवून मोठ्याने हाक मारली, ती वरपर्यंत ऐकू आली. "या काका, या! अजून भवानी नाही झाली. तुमच्याच हाताने करा!"

साहेब दोन पावलं मागे सरले. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली. त्यांनी डावा हात उचलला आणि तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला.

"आले, आले मी," असं म्हणत वहिनी पायांत चपला अडकवून लिफ्टकडे धावल्या. मी गॅलरीतच राहिले. वरून ओरडून मी काय सांगणार होते, आणि कुणाला? रविवार असल्यामुळे दुसरं कुणी अजून खाली उतरलेलं नव्हतं. टेंपोवाल्याने जरा वेळ वाट पाहिली, पुन्हा एकदा हाक मारली, मग काहीतरी पुटपुटत फळकूट वर केलं आणि पुढच्या इमारतीकडे निघून गेला. वहिनी खाली पोचल्या तेव्हा तिथे साहेब एकटेच उभे होते. टेंपो दिसेनासा झाला होता, आणि तोंडावरचा हात त्यांनी अजून काढला नव्हता.